गादीला ऊन कधी दाखवायचं?

वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो की तपासणी संपल्यावर, उठता उठता, बायका जे प्रश्न विचारतात त्यांतला एक ठरलेला असतो. "सिस्टर, गादी किती दिवसांनी धुवायची असते?" प्रश्न साधा, पण त्याच्यामागे बहुतेक वेळा काहीतरी असतं. पोराचा रात्रीचा खोकला थांबत नाही. सासूबाईंना अंथरुणातच लघवी होते. ढेकूण झालेत आणि पाहुण्यांसमोर लाज वाटते. नाहीतर घरात कुणाला टीबी निघालाय आणि शेजारीण म्हणाली, त्याची गादी जाळून टाका. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर अंथरुणाबद्दलच लिहितो आहोत.

आधी थोडक्यात उत्तर. कापसाची गादी धुवायची नसते. ती एकदा आत भिजली की दोन-तीन दिवस वाळत नाही, कापसाच्या गाठी होतात आणि आत बुरशी धरते. गादीला लागतं ते ऊन, वारा आणि झटकणं. धुवायची असते ती तिच्यावरची खोळ, चादर आणि उशीचा अभ्रा. गोधडी आणि वाकळ मात्र धुता येते, तिच्याबद्दल पुढं.

दुकानदार सांगतात, सहा महिन्यांनी एकदा गादी मशीननं साफ करा. हा हिशेब पलंगावर कायम अंथरलेल्या गादीचा आहे, जिच्यावर दोन माणसं फक्त रात्री झोपतात. आपल्याकडं दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. रात्री जे अंथरूण, तीच सकाळी कोपऱ्यातली वळकटी. दुपारी त्याच वळकटीला पाठ टेकून विड्या वळल्या जातात, सुपातल्या तंबाखूची भुकटी तिच्यावर बसते, आणि संध्याकाळी पोरगं तिच्यावरच बसून अभ्यास करतं. सोलापुरात पाणी रोज येत नाही. उजनी भरलेली असली तरी नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी. तेव्हा "आठवड्याला धुवा" हा सल्ला आम्ही देत नाही. आम्ही पाण्याच्या पाळीनं सांगतो. उशीचे अभ्रे दर पाळीला, कारण तोंड, नाक आणि केसांचं तेल तिथंच लागतं. चादर आणि खोळ एक पाळी सोडून दुसऱ्या पाळीला, म्हणजे आठ-दहा दिवसांनी. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

गादीत नेमकं काय साठतं? माणूस रात्रभर घामेजतो, तो ओलावा कापूस पितो. अंगावरच्या कातडीचा कोंडा गळतो, तो कापडाच्या विणीतून आत जातो. या कोंड्यावर एक अगदी बारीक किडा जगतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर त्याला डस्ट माइट म्हणतात. घरातल्या धुळीनं दमा का उठतो याचं कारण हा किडा आहे, हे १९६४ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तो चावत नाही. त्याची विष्ठा वाळून भुकटी होते, आपण कूस बदलली की ती उडते आणि नाकात जाते. ज्याला तिची ॲलर्जी आहे त्याला शिंका, नाक चोंदणं, पहाटेचा खोकला, छातीत शिटी वाजणं हे सगळं सुरू होतं. पोरगं दिवसभर बरं असतं आणि अंथरुणावर पडलं की खोकतं, तेव्हा आई म्हणते थंडी बाधली. थोडी शंका गादीवरही घ्यावी.

या किड्याची एक अडचण आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. त्याला पाणी पिता येत नाही, हवेतली दमट ओल शोषूनच तो जगतो. हवा कोरडी पडली की तो वाळून मरतो. कोकणात, मुंबईत त्याची चैन असते. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. इथं त्याला वाचायला जागा मिळते ती घामानं ओल्या, दाबून वळकटी केलेल्या गादीत, आणि जून ते ऑक्टोबर पावसाळ्यात. म्हणून आमची पहिली विनंती अशी, उठल्याबरोबर गादी गुंडाळू नका. उलटी करा, चहा होईपर्यंत, पोरांची आंघोळ होईपर्यंत अर्धा तास खालची बाजू वर राहू द्या. खोलीत पाय ठेवायला जागा नसेल तर दारावर किंवा दोरीवर टाका. याला पाणी लागत नाही, पैसा लागत नाही.

ऊन महिन्यातून दोनदा, सकाळी दहा ते दुपारी तीन, मध्येच एकदा बाजू पालटून. शहाबादी फरशीवर गादी टाकत असाल तर पावसाळ्यात फरशी गार पडते आणि गादीची खालची बाजू ओलसर राहते. तेव्हा खाली चटई किंवा कोरडं पोतं घाला आणि पाऊस उघडला की लगेच, दिवस न मोजता, गादी बाहेर काढा. ऊन दाखवल्यावर काठीनं झोडपणं जरुरीचं, कारण उन्हानं किडा मरतो, त्याची भुकटी आतच राहते. झोडपताना तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधा. दम्याचा माणूस आणि लहान मूल त्या वेळी जवळ नको.

यात नवीन काही नाही. विनयपिटकात भिक्खूंनी राहण्याची जागा कशी ठेवावी याचे नियम आहेत, त्यात भिसि म्हणजे गादी आणि बिम्बोहन म्हणजे उशी यांचा स्पष्ट उल्लेख येतो. उपाध्यायाचा विहार मळला असेल तर शिष्यानं आधी पात्र-चीवर बाहेर काढावं, मग गादी-उशी काढावी, खाट दाराला न घासता बाहेर न्यावी, कोळिष्टकं वरून झाडावीत, गादी-उशी उन्हात वाळवून, झटकून होती तशी आणून ठेवावी. चुल्लवग्गात तर झटकायची जागाही सांगितली आहे. माणसांजवळ झटकू नये, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून झटकू नये. वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन झटकावं. धुळीची ॲलर्जी हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीचं हे आहे. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात वॉर्डातलं अंथरूण कसं हाताळायचं त्याचा धडा होता. हे नियम पुढं वाचनात आले तेव्हा तो धडा आठवला.

ज्या घरात दम्याचं मूल आहे त्यांनी एवढ्यावर थांबू नये. त्या एका मुलाची चादर आणि अभ्रा गरम पाण्यात भिजवा. सगळ्या घराचं गरम पाण्यात धुवायला गॅस परवडत नाही, आम्हाला माहीत आहे. एक भांडं उकळतं पाणी आणि तेवढंच नळाचं पाणी मिसळलं की साधारण ६० अंशाचं होतं, तेवढ्यात किडा मरतो. पोरं मोरीजवळ नसताना हे करा, भाजण्याच्या केसेस आम्ही फार बघितल्यात. शक्य असेल तर विडीचं सूप त्या मुलाच्या वळकटीपासून लांब ठेवा, वळकटीवर जुनी साडी झाका. रात्री मच्छर अगरबत्तीचा धूर नको, मच्छरदाणी लावा. आणि एक स्पष्ट सांगतो, गादी साफ केली म्हणून दमा जात नाही. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो चालूच ठेवायचा. "पंपाची सवय लागते" हे वाक्य वस्तीत फार फिरतं. त्या वाक्यापायी पोरं मध्यरात्री रिक्षात घालून सिव्हिलला न्यावी लागतात.

आता गोधडी, वाकळ. वर्षातून दोनदा धुतली तरी पुरे. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची चाल आपल्या आज्या-पणज्यांपासून होती. घट आपण सोडले ते बरंच झालं. पण पावसाळा संपल्यावर अंथरूण धुण्यात शहाणपण होतं, ते सोडायचं कारण नाही. चार महिन्यांची ओल त्यात असते. अशोक विजयादशमी किंवा १४ ऑक्टोबरच्या आधीचा आठवडा धरा, पाऊस उघडलेला बघून. दुसरी वेळ भीमजयंतीची. १४ एप्रिलला घराला रंग देतो, तोरण लावतो, तेव्हा गोधड्याही निघतात. ऊन कडक असतं, एका दिवसात वाळतात. घरात जास्त गोधड्या असतील तर उरलेल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत काढा. वर्षावास सुरू झाला की मोठं धुणं बंद.

ओली वाकळ किती जड होते ते धुणारीलाच माहीत. पाठ धरलेल्या, कंबर लचकलेल्या बायका त्या आठवड्यात आमच्याकडं येतात. गरोदर बाईनं, बाळंतिणीनं, पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं ओली वाकळ उचलूच नये. पिळायला दोघं लागतात आणि त्यातला एक घरातला पुरुष असायला काही हरकत नाही. विनयातल्या त्या नियमांत गादी वाळवणारे हात भिक्खूंचे आहेत, हेही लक्षात घ्यावं.

पाण्याचं काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ राहण्याबद्दल, कपड्यालत्त्याबद्दल समजावून सांगितलं होतं. त्याच महाडला, त्याच वर्षी मार्चमध्ये, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारोंना चालत जावं लागलं होतं. आम्हाला कुणी म्हणतं, तुमच्या वस्तीत स्वच्छता नाही, तेव्हा हे दोन्ही आठवतं. जयंतीच्या आधीच्या आणि ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात सगळी वस्ती एकदम धुणं काढते आणि पाणी पुरत नाही. त्या दोन आठवड्यांसाठी एखादा जादा टँकर, नाहीतर पाळीची वेळ तासभर वाढवून द्या, असा अर्ज महिला मंडळांनी महिनाभर आधी पालिकेच्या झोन कार्यालयात द्यावा. पोच घ्यायला विसरू नका.

कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी. पिंजारी, नदाफ मंडळी पेठांतून अजून आहेत, आता धनुकलीऐवजी मशीन आलं. स्वस्त गादीत बहुधा जुन्या कपड्यांचा पिंजलेला रंगीत कापूस किंवा गिरणीचा उरलेला कापूस भरलेला असतो, तो लवकर धूळ धरतो. पिंजण्याचं काम बोळात, दारासमोर करून घेऊ नका. ती धूळ बारीक असते. गिरणीतल्या कामगारांच्या छातीला कापसाच्या धुळीनं जो आजार व्हायचा, बिसिनोसिस, तो या शहराच्या जुन्या कामगारांना सांगायला नको. पिंजाऱ्याला तोंडाला बांधायला फडकं द्या, त्याचीही छाती आहे. फोमची गादी घेतली असेल तर तिला कडक उन्हात टाकू नका, फोम भुरभुरतो. सावलीत वाऱ्यावर उभी करा. आणि तिच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक काढा. नवी दिसावी म्हणून वर्षानुवर्षं ठेवतात आणि घाम आतच राहतो.

ढेकणांबद्दल बोलताना बायका आवाज खाली करतात. ढेकूण झाले म्हणजे घर घाण, आणि घर घाण म्हणजे जात काढणारे तयारच. म्हणून आधी हे सांगतो. ढेकणाला रक्त लागतं, घाण लागत नाही. २०२३ साली पॅरिससारख्या शहरात ढेकणांचा इतका बोभाटा झाला की जगभर बातम्या आल्या. बॅगेतून, जुन्या पलंगातून, वसतिगृहातून, ऊसतोडीवरून परत आलेल्या बोचक्यातून ते येतात. त्यांच्यामुळं एखादा आजार पसरतो असंही आढळलेलं नाही. खाज, झोपमोड आणि मनस्ताप मात्र खरा.

नुसत्या उन्हानं ढेकूण जात नाहीत. गादीची एक बाजू तापली की ते दुसऱ्या, सावलीच्या बाजूला पळतात. पन्नास अंशाला ते मरतात, पण जाड गादीच्या पोटापर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. मेमध्ये गोधडी, चादर काळ्या प्लास्टिकात घट्ट बांधून पत्र्यावर दिवसभर ठेवली तर उपयोग होतो. गादीच्या शिवणी आणि कडा जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. लोखंडी पलंगाच्या सांध्यांत, खाटेच्या खाचांत उकळतं पाणी ओता. भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवा. पलंग भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून हेच काम दहा दिवसांनी पुन्हा, आणि आणखी दहा दिवसांनी तिसऱ्यांदा करायचं. एकदा करून सोडलं की "औषध लागू पडत नाही" असं वाटतं. शेजारच्या दोन घरांनीही त्याच दिवशी केलं तर बरं, भिंत एकच असते.

आणि हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा. धान्याला लावायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही ठेवायच्या नाहीत. हवेतल्या ओलीनंसुद्धा त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्याला उतारा नाही. त्या वायूनं झोपेत माणसं गेली आहेत, आणि भिंतीपलीकडच्या खोलीतलीही गेली आहेत. रॉकेल शिंपडणंही नको. शेतातलं फवारणीचं औषध गादीवर मारून त्यावर मूल झोपवणं तर मुळीच नको.

खरूज हा वेगळा किडा आहे, तो माणसाच्या कातडीत शिरतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. मागच्या तीन दिवसांत अंगाखाली-अंगावर आलेलं सगळं कापड दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचं. गादी, रजई धुता येत नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडं सहसा जगत नाही. तेवढे दिवस चटईवर झोपा.

टीबीच्या माणसाची गादी जाळायची नसते, फेकायची नसते. टीबी खोकल्यातून हवेत उडालेल्या जंतूंमुळं, श्वासावाटे होतो. अंथरूण, ताट, कपडे यांतून होत नाही. सासरी टीबी निघालेल्या सुनेचं अंथरूण ओट्यावर टाकलेलं आणि तिचं ताट वेगळं केलेलं आम्ही आपल्याच वस्तीत पाहिलं आहे. वेगळं ताट, लांबून वाढलेलं पाणी हे काय असतं ते आपल्या घराण्यांना कुणी शिकवायला नको. त्या मुलीला हवं ते असं: खोलीची खिडकी उघडी, पहिले काही आठवडे तोंडाला मास्क, सहा महिने न चुकता फुकट मिळणारं सरकारी औषध, आणि पोटभर खाणं. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. बँकेचं पासबुक घेऊन आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. तिची चादर घरातल्या इतरांच्या चादरीसोबत, त्याच साबणानं धुतली तरी चालते.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हिशेब दिवसांत करता येत नाही, तासांत करावा लागतो. ओली चादर लगेच बदलायची, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलायची. गादीवर मधोमध रबरी कापड किंवा जाड प्लास्टिक, त्यावर जुन्या धोतराच्या घड्या, म्हणजे गादी वाचते आणि दर वेळी फक्त घडी धुवावी लागते. गादीत लघवी मुरलीच तर कोरड्या फडक्यानं दाबून टिपा, खाण्याचा सोडा भुरभुरवा, काही तासांनी झटकून उन्हात न्या. हगवणीनं आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीनं स्वतः धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं, ही विनयातली गोष्ट विहारात आपण ऐकतो. घरात हे काम एकट्या सुनेवर पडतं. मुलानं, नातवानं रात्रीची एक पाळी घ्यावी.

पाळीच्या रक्ताचा डाग गार पाण्यानं लगेच धुवा. गरम पाण्यानं तो पक्का बसतो. पाळीत बाईला वेगळं फाटकं पटकूर द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. तेच पटकूर महिनोन्महिने कोपऱ्यात दमट पडून राहतं. ते बंद करा, तिला रोजच्या गादीवर झोपू द्या.

राहिला जागेचा प्रश्न. मिलिंदनगर असो की दुसरी कुठली वस्ती, बोळ चार फुटांचा, वर पत्रा, गच्ची नाही. ऊन आहे आणि गादी टाकायला जागा नाही. पण विहाराला गच्ची असते, नाहीतर अंगण असतं, आणि रविवारची वंदना सोडली तर ते बहुतेक रिकामं. काही विहार समित्यांशी आम्ही बोललो आहोत. महिन्यातले दोन रविवार, वंदना झाल्यावर, गच्ची किंवा अंगण गाद्या वाळवायला उघडायचं. दर रविवारी दहा-बारा घरं, आळीपाळीनं. दोऱ्या समितीनं बांधायच्या, गाद्या वर चढवायचं काम युवक मंडळाचं. प्रत्येक गादीला घरचं नाव लिहिलेली चिंधी बांधा म्हणजे भांडण नको. पिण्याच्या पाण्याची टाकी जिथं आहे त्या बाजूला झोडपायचं नाही, वारा बघून दुसऱ्या कडेला जायचं. ज्या घरी दम्याचं मूल आहे त्यांची गादी सगळ्यात आधी वर न्यायची आणि झोडपणं सुरू व्हायच्या आत, खोळ घालून, खाली पाठवायची. तिला झोडपायचं ते संध्याकाळी घराच्या मागं, मूल शाळेतून किंवा खेळून यायच्या आधी.